संगणकाची ‘योग्य’ भाषा : एका लेखाचे आणि त्याच्या ख्यातीचे परीक्षण

पालीच्या वर्गात एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत होय असे अमेरिकेच्या ‘नासा’ने सिद्ध केले असताना पाली कशासाठी शिकावी? विचारणारा विद्यार्थी प्रामाणिक असतो. त्याची समजूत घालण्यापेक्षा ज्या लेखातून हा ग्रह पसरला तो लेखच परीक्षणास घेणे आम्हांस अधिक इष्ट वाटते.

रिक ब्रिग्ज यांचा हा लेख १९८५ साली ‘एआय मॅगझिन’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ते त्या वेळी नासाच्या एम्स केंद्रातील एका संशोधनसंस्थेत होते. लेखाचे प्रतिपादन त्याच्या ख्यातीहून पुष्कळच मर्यादित आहे. मित्रत्वाच्या भावनेने मैत्र हा देवदत्तासाठी भात शिजवितो, अशा वाक्याचे विवरण उत्तरकालीन वैयाकरण कसे करीत, हे ब्रिग्ज दाखवितात. क्रिया मध्यवर्ती, आणि कर्ता, कर्म, अधिकरण इत्यादी कारके तिच्याशी जोडलेली. या विवरणाची तुलना ते कृत्रिम बुद्धिमत्तेतील अर्थजालांशी करतात. तुलना मार्मिक आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हे एका संशोधकाचे मत आहे. नासाचा तो निर्णय नव्हे.

लेखाचा खरा दोष असा की, पद्धतीचे श्रेय तो भाषेच्या पदरी घालतो. कारकसंबंध उलगडण्याची रीत वैयाकरणांनी घडविली. तीच रीत पालीला लागू पडते. कच्चायनाच्या व्याकरणात कारकांचे स्वतंत्र प्रकरणच आहे. मराठीलाही ती लागू पडते. तराजू उत्तम असला म्हणून त्यात प्रथम तोललेले धान्य इतर धान्यांहून श्रेष्ठ ठरत नाही.

भाषा आणि यंत्र यांच्या संबंधाचा विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्र ब्रिग्ज यांच्या लेखापूर्वीच प्रौढ झाले होते. या शास्त्रात भाषा म्हणजे सान्त चिन्हसंचातून घडणाऱ्या चिन्हमालिकांचा एक संच, एवढेच. नोम चॉम्स्की यांनी १९५६ व १९५९ सालच्या लेखांत व्याकरणांचे वर्ग नियमांच्या आकारावरून लावले. प्रत्येक वर्गाला त्याचे यंत्र आहे. सर्वांत साध्या, ‘नियमित’ वर्गाला मोजक्या अवस्थांचे यंत्र पुरते. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याखेरीज त्याला काहीही स्मरत नाही. त्यावरच्या ‘संदर्भमुक्त’ वर्गाला चळत लागते. भाकऱ्यांच्या चळतीतून शेवटी ठेवलेली भाकरी प्रथम निघते, तसे हे स्मरण असते. पुढे ‘संदर्भबद्ध’ वर्ग येतो आणि शेवटी ट्यूरिंग यांनी १९३६ साली कल्पिलेले यंत्र. वरच्या वर्गातील भाषा अधिक कुलीन नसते. तिची ओळख पटविणे यंत्राला अधिक कष्टाचे असते, इतकेच.

पाणिनीची थोरवी यामुळे उणी होत नाही. कशाच्या जागी, कशाच्या पुढे आणि कशाच्या मागे, हे तीन विभक्तींनी सांगण्याची त्याची योजना आजच्या पुनर्लेखन-नियमांच्या इतकी जवळ आहे की, संगणकभाषांच्या व्याकरणासाठी बॅकस यांनी योजिलेल्या लेखनपद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, असे इंगरमन यांनी १९६७ साली सुचविले. मात्र तो मान व्याकरणकाराचा आहे. शिवाय १९७२ साली सी. डग्लस जॉन्सन यांनी दाखवून दिले की, अशा ध्वनिनियमांचे रूप संदर्भबद्ध दिसले, तरी एखादा नियम स्वतःच घडविलेल्या अंशावर पुन्हा लागू होत नसेल, तर त्याचे काम मोजक्या अवस्थांच्या यंत्राने भागते. म्हणजे ज्या संधिनियमांच्या काटेकोरपणाचा इतका गौरव होतो, त्यांतील बहुतेकांना सर्वांत साधे यंत्र पुरावे.

आणि चळतीचे यंत्र अपुरे पाडणारी भाषा कोणती निघाली? ज्या वर्षी ब्रिग्ज यांचा लेख आला त्याच १९८५ मध्ये स्टुअर्ट शीबर यांनी स्विस जर्मन संदर्भमुक्त नाही, हे सिद्ध केले. ही स्वित्झर्लंडमधील घराघरांतील बोली. औपचारिक लेखनासाठी तेथे प्रमाण जर्मन वापरतात. या बोलीच्या गौण वाक्यात नामे आधी ओळीने येतात आणि क्रियापदे नंतर त्याच क्रमाने येऊ शकतात. ‘मदत करणे’ या क्रियापदाचे नाम चतुर्थीत हवे, ‘करू देणे’ याचे द्वितीयेत. म्हणजे पहिल्या नामाचा मेळ पहिल्या क्रियापदाशी, दुसऱ्याचा दुसऱ्याशी. चळतीतून तर शेवटचे नाम आधी हाती येते! साखळी कितीही लांबविता येते, हे मान्य केले की संदर्भमुक्त व्याकरण येथे हरते. गेली कित्येक वर्षे या शास्त्राच्या वर्गांत उदाहरण दिले जाते ते या बोलीचे.

अशा वाक्यांना पुरेल पण संदर्भबद्ध वर्गाइतकी अवजड होणार नाही, अशी वृक्षजोड व्याकरणाची कल्पना पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी यांनी लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह १९७५ साली मांडली होती. त्यांच्या नावाचा उच्चार आमच्याकडे ब्रिग्ज यांच्या मानाने क्वचितच होतो, याचे आम्हांस नवल वाटते.

विद्यार्थ्यांना आम्ही आता फळ्यावर एक छोटे यंत्र काढावयास लावतो. ‘इति’ आणि ‘एव’ यांचा संधी ‘इच्चेव’ होतो. यंत्राने ‘त’ वाचला की काहीही न लिहिता थांबावे, इकार आला तरी थांबावे. पुढील शब्द स्वराने सुरू झाला तर ‘च्च’ लिहावे, नाहीतर ‘ति’. चार-पाच अवस्थांत काम होते. परंतु त्याच दोन शब्दांपासून पालीत ‘त्वेव’ असेही रूप मिळते. तेव्हा एकाच जागेवरून दोन बाण निघतात आणि यंत्राने कोणता घ्यावा, यावर वर्गात वाद सुरू होतो. मागच्या खेपेस तो तास संपल्यावरही चालू होता.