अपघाताची सहा विशेषणं

प्रवास विम्याची पॉलिसी कुणी रसिकतेने वाचत नाही. टूर कंपनीच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, ‘‘काका, हा घ्या, व्हिसाला चालतो,’’ आणि काका सही करून मोकळे होतात. खरं तर गद्य म्हणून हा मजकूर मोठा कसदार असतो. तो लिहिणाऱ्याने आपल्या सहलीत जे जे बिघडू शकेल ते सगळं आधीच कल्पून ठेवलेलं असतं, आणि तेही आपल्यापेक्षा कितीतरी बारकाईने.

या लेखनाला परंपराही आहे. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने १७७९ साली स्वीकारलेला सागरी विम्याचा मसुदा देवाचं नाव घेऊन सुरू होतो आणि मग समुद्र, लढाऊ जहाजं, आग, शत्रू, चाचे, चोर अशी संकटं एका दमात मोजतो. ती यादी अंगावर घेतलेल्या संकटांची होती. आजच्या पॉलिसीत देव नाही, यादी मात्र आहे. फक्त तिचा लांबलचक भाग आता ‘आम्ही काय देणार नाही’ याचा असतो. माझ्या मते वाचन तिथूनच सुरू करावं.

‘अपघाता’ची व्याख्याच बघा. भारतात ती विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे. घटना अचानक हवी, अनपेक्षित हवी, आपल्या इच्छेविना घडलेली हवी. तिचं कारण बाहेरचं हवं, दिसणारं हवं आणि आघात करणारं हवं. एका वाक्यात सहा विशेषणं, आणि एकही शोभेचं नाही! प्रत्येक विशेषण कुणाला तरी दाराबाहेर ठेवतं. ‘अचानक’मुळे पॅरिसभर चालून चालून बळावलेली जुनी गुडघेदुखी बाहेर राहते. ‘बाहेरचं’मुळे हृदयविकाराचा झटका बाहेर राहतो, तो आजारात मोडतो, त्याचं कलम वेगळं आणि अटीही वेगळ्या. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या ओल्या पायरीवरून घसरून मनगट मोडलेल्या काकू मात्र सहाही कसोट्यांना उतरतात. इतकं घट्ट विणलेलं वाक्य आपल्या ललित गद्यातही सहसा सापडत नाही.

या मजकुराला एक नायक असतो : ‘विमाधारक’. तो धडधाकट आहे, त्याला कुठली गोळी चालू नाही, तो दारू पिऊन पडत नाही, डोंगर चढला तरी ठरलेल्या उंचीपर्यंतच चढतो. पॉलिसी निवडायची म्हणजे या पात्राशी आपलं कितपत जमतं ते पाहायचं. नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला, म्हणजे ४,१३० मीटरवर जाणाऱ्याने उंचीचं कलम आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आधी शोधावा. बाकीची पानं नंतर.

आपल्या घरांत हे जमणं नेमकं कुठे अडतं? ‘‘बीपी आहे, पण गोळीने कंट्रोलमध्ये आहे,’’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. आपला सगळा भर त्याच्या उत्तरार्धावर. पॉलिसीला ऐकू येतो तो पूर्वार्ध. आधीपासूनच्या आजाराच्या व्याख्येत डॉक्टरांनी केलेलं निदान येतं, दिलेला सल्ला येतो आणि घेतलेले उपचारही येतात. त्यासाठी मागे किती महिने पाहायचं, ते प्रवासाच्या पॉलिसीतच तपासावं; आपल्या आरोग्य विम्यात २०२४ पासून ३६ आहेत. त्याआधी ४८ होते. रोज सकाळी घेतलेली ती गोळी म्हणजे उपचारच. अर्जात ती लिहायचीच. पुढे अनेक पॉलिसी असा आजार पूर्ण वगळतात किंवा जिवावर बेतलं तरच आणि एका लहान मर्यादेपर्यंतच खर्च देतात. पहिल्या पानावरचा ठळक डॉलरचा आकडा मग गोळी घेणाऱ्या काकूंचा उरत नाही. त्यांचा आकडा मागच्या कोष्टकात बारीक टायपात असतो, आणि दोन पॉलिसींची तुलना करायची ती त्या आकड्याची.

आता ते ‘व्हिसाला चालतो’. २००९च्या युरोपीय व्हिसा संहितेनुसार एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्काम संपेपर्यंत. त्यात तातडीचे उपचार येतात, रुग्णालय येतं, आजारपणामुळे मायदेशी पाठवणं येतं, मृत्यूही येतो. हरवलेली बॅग, चुकलेलं विमान, रद्द झालेली सहल यांचा उल्लेख नाही. कसा असेल? संहितेतलं हे वाक्य पाहुण्यासाठी लिहिलेलंच नाही. पाहुण्याच्या आजारपणाचा भार आपल्यावर पडू नये असं वाटणाऱ्या यजमानासाठी लिहिलंय. त्यामुळे व्हिसाला चालणारी पॉलिसी काकांना चालेलच असं नाही.

‘अमेरिका आणि कॅनडा वगळून सर्व जग’ हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. दोन देश सोडले की उरलेलं जग स्वस्त! कारण अर्थात तिकडची रुग्णालयांची बिलं. सामानाचं कलम त्यामानाने रुक्ष. विमान कंपनीच्या ताब्यात दिलेली बॅग आणि खांद्यावरची बॅग यांत ते फरक करतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

एकेका शब्दावर किती अडतं तेही पाहा. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुत्ल ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली आणि हजारो विमानं जमिनीवर राहिली. ब्रिटनमध्ये वाद पेटला : ‘खराब हवामाना’मुळे झालेला उशीर भरून देऊ असं लिहिलंय, पण राख म्हणजे हवामान का? काही कंपन्यांनी हो म्हणून पैसे दिले, काहींनी नाही म्हटलं. त्यानंतरच्या तिथल्या पॉलिसींत ज्वालामुखीच्या राखेचा उल्लेख नाव घेऊन होऊ लागला. कुठे जादा हप्ता भरून मिळणारं संरक्षण म्हणून, तर कुठे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत.