कुलूप आपल्या दाराला, किल्ली वेबसाइटवाल्याकडे

मंडळी, भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांना आम्ही नेहमी विचारतो, शेडची कागदपत्रं कुठं असतात? उत्तर लगेच येतं, आमच्या कपाटात. आणि डोमेनची? तिथं मात्र सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणतं, "ते वेबसाइटवाला बघतो." आजची आमची टीका याच उत्तरावर आहे, आणि थोडी नियमांवरही.

डोमेनला कुलूप का लागतं ते आधी पाहू. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीचं नाव मालकाला पत्ता न लागता दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं. ऐन शनिवार-रविवारी ग्राहकांची ईमेल भलतीकडे जाऊ लागली. म्हणजे कुलूप हवंच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. डोमेन हलवायचं तर आधी ते अनलॉक करायचं, मग ऑथ कोड घ्यायचा आणि नव्या रजिस्ट्रारला द्यायचा. खात्यात ही सोय नसेल, तर मागणी केल्यापासून पाच दिवसांत रजिस्ट्रारनं ती करून द्यावी, असा आयकॅनचा नियम आहे. पैशांचा वाद आहे एवढ्याच कारणानं कोड अडवून धरता येत नाही.

नियम चांगला आहे, पण तो बोलतो रजिस्ट्रारशी. आपल्या उद्योजकाची आणि रजिस्ट्रारची कधी गाठच पडलेली नसते. खातं, पासवर्ड, नोंदणीतला ईमेल, सगळं मधल्या माणसाचं. त्याच्याशी बिलावरून बिनसलं, की कायद्यानं आपलं असलेलं नाव व्यवहारात त्याच्या मुठीत जातं. आणि त्याच नावावर मोठ्या कंपन्यांच्या पर्चेस ऑर्डरी येत असतात! मुदतवाढीची सूचनाही त्याच्याच ईमेलवर जाते.

दुसरी गोम अशी. १ डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमानुसार मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला, की डोमेनवर साठ दिवसांचं ट्रान्सफर-कुलूप पडतं. रजिस्ट्रार सवलत देत असेल, तर ती बदल करण्याआधीच मागावी लागते. म्हणजे प्रामाणिक माणूस आधी नोंद दुरुस्त करतो आणि दोन महिने अडकून पडतो. चोराला आवरण्यासाठी केलेला नियम पहिल्यांदा मालकालाच अडवतो, आणि ही अट त्याला आधी कुणी सांगत नाही. आमचा खरा आक्षेप इथं आहे.

हे नियम डॉट कॉमसारख्या नावांचे. डॉट इन निक्सीच्या अखत्यारीत येतं, त्याची पद्धत वेगळी विचारून घ्यावी.

वेबसाइटवाल्याला शत्रू समजू नका, त्याला काम करू द्या. पण खातं कंपनीच्या नावानं उघडा. नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, नाहीतर डोमेन बंद पडलं की किल्लीही आतच राहील. आणि हे सगळं भांडण व्हायच्या आधी करा. कपाटाची किल्ली आपण भांडण झाल्यावर मागायला जातो का?