पोटगी की वाटा? हिंदू विवाह कायद्यातील मालमत्ताविषयक तरतुदींची चिकित्सा : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना :
घटस्फोटाचा मार्ग हिंदू स्त्रीला मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने खुला झाला. काडीमोडीची रूढी अनेक समाजांत त्यापूर्वीही होती; कलम २९(२) ने अशा रूढींना संरक्षण दिले. विवाह मोडण्याचा विचार कायद्याने असा सविस्तर केला, परंतु संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा विचार मात्र अपुरा ठेवला. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

कायद्याची भूमिका :
कलम २७ नुसार न्यायालय केवळ विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या व उभयतांच्या संयुक्त मालकीच्या मालमत्तेबाबत आदेश देऊ शकते. १९९७ मध्ये महाराष्ट्रातील एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने विवाहापूर्वी वा नंतर, पण विवाहाच्या निमित्ताने मिळालेली मालमत्ताही त्यात समाविष्ट केली. तरीही भांडीकुंडी व दागिने यांपलीकडे, म्हणजे दोघांच्या श्रमातून वाढलेल्या मालमत्तेपर्यंत, हे कलम पोहोचत नाही.

कलम २५ पोटगी देते. पोटगीसाठी आवश्यकतेनुसार पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. अशा बोजाची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात होते. पुढे पत्नीने पुनर्विवाह केल्यास किंवा परिस्थिती बदलल्यास पोटगी कमी अथवा रद्द होऊ शकते. वाटा हा हक्क असतो, पोटगी ही गरजेची पूर्ती असते. कायद्याने पत्नीला गरजू मानले, भागीदार मानले नाही.

किनारपट्टीचे वास्तव :
श्रीवर्धनच्या वाडीत शिंपणे, सुपारी सोलणे. अलिबाग परिसरात पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणे. कोळीवाड्यात मासळी विकून घरात रोख पैसा आणणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. वाडीचा सातबारा आणि होडीची नोंदणी मात्र बहुधा पुरुषाच्या नावे असते. वाडी वडिलोपार्जित असेल तर पतीच्या हयातीत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. पतीने कमावलेली असेल तर पत्नीला आपले आर्थिक योगदान सिद्ध करावे लागते. वीस वर्षांच्या शिंपण्याची पावती कोणाकडे असणार?

भूसंपादनाने हा प्रश्न तीव्र केला. जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनानंतर उरण-पनवेलच्या प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तो न्याय रक्ताचे मोल देऊन मिळाला होता. पण भूखंड खातेदाराच्या नावे गेला. शेतात राबलेली पत्नी विभक्त झाली, तर त्या भूखंडावर तिचा स्वतंत्र हक्क उरत नाही.

पर्यायांची तुलना :
कोकणपट्टीच्याच दक्षिणेस गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहपूर्व करार नसल्यास, पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते व प्रत्येकाचा निम्मा हिस्सा ठरतो. व्यवस्थापनाचा अधिकार पतीकडे ठेवणे हा त्या संहितेचा दोष होय. तथापि पत्नीच्या संमतीविना पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला. परंतु तो पतीच्या स्वेच्छेवर अवलंबून होता. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे २०१० चे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते व्यपगत झाले.

निष्कर्ष :
नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात उभय पक्षांना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. यामुळे मालमत्ता उघड होते, विभागली जात नाही. विवाहकाळात वाढलेल्या मालमत्तेत, नोंद कोणाच्याही नावे असो, पत्नीचा निश्चित हिस्सा कायद्याने मान्य करणे आवश्यक आहे. त्याशिवाय विभक्त स्त्रीचे स्थान ‘इतर हक्क’ या सदरातच राहील.