साक्षीदाराचे अंतर : दानिश सिद्दिकी यांची छायाचित्रे

वृत्तछायाचित्राचे आयुष्य सामान्यतः एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी तो कागद रद्दीत जातो. दानिश सिद्दिकी यांची काही छायाचित्रे मात्र मनातून जात नाहीत. तसे का व्हावे, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

सिद्दिकी यांचा जन्म 1983 सालचा. दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. दूरचित्रवाणीची वार्ताहरी सोडून ते 2010 साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेत आले आणि काही वर्षे मुंबईत राहून काम करू लागले. 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानातील स्पिन बोल्दक येथे तालिबानशी चाललेल्या लढाईचे वृत्तांकन करताना ते मारले गेले.

सप्टेंबर 2017 मधील त्यांचे एक छायाचित्र जगभर पोहोचले. म्यानमारमधून नावेने बांगलादेशात उतरलेली एक थकलेली रोहिंग्या स्त्री किनाऱ्यावर गुडघे टेकून वाळूला हात लावते आहे. रोहिंग्यांवरील छायाचित्रमालिकेसाठी रॉयटर्सच्या चमूला 2018 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या चमूत सिद्दिकी होते. चित्र हृदयद्रावक आहे यात शंका नाही. पण मला त्याविषयी एक अडचण जाणवते. ही रचना इतकी पूर्ण आहे, की मथळा झाकला तर ती स्त्री कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील निर्वासिता ठरते. म्यानमारच्या 1982 च्या कायद्याने तिच्या समाजाचे नागरिकत्व हिरावले गेले, ही गोष्ट चित्रात येऊ शकत नाही. करुणा उरते, कारण हरवते.

याच्या उलट 30 जानेवारी 2020 चे चित्र पाहावे. नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात जामियाजवळ निदर्शने चालू होती. काळे जाकीट घातलेला एक तरुण निदर्शकांवर पिस्तूल रोखून उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे पोलिसांची रांग आहे. त्या दिवशी एक विद्यार्थी जखमी झाला. दर्शकाची नजर आधी पिस्तुलावर जाते आणि मग हळूहळू मागच्या रांगेवर स्थिरावते. चित्राचा खरा आशय त्या पार्श्वभूमीत आहे. कोणाची बाजू घ्यावी हे चित्रकार सांगत नाही. कोण कोठे उभे होते एवढेच दाखवतो. माझ्या मते हे त्यांचे सर्वश्रेष्ठ चित्र होय.

एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या स्मशानांतील धगधगत्या चितांची चित्रे त्यांनी आकाशातून घेतली, तेव्हा मृतांच्या खाजगीपणाचा भंग झाल्याची टीका झाली. मृत्यूंचे प्रमाण समजण्यासाठी ती चित्रे आवश्यक होती, हे मान्यच करावे लागते. त्या काळातील करोनाविषयक कामासाठी 2022 मध्ये तीन सहकाऱ्यांसह त्यांना मरणोत्तर पुलित्झर मिळाले. तरीही इतक्या उंचीवरून माणूस दिसत नाही, संख्या दिसते. सिद्दिकी यांचे सामर्थ्य जमिनीवर, माणसाच्या उंचीवर होते.

त्याचा पुरावा मार्च 2020 च्या चित्रात मिळतो. टाळेबंदी लागताच दिल्लीहून पायी निघालेला एक मजूर आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन चालला आहे. पुढे सिद्दिकी त्या माणसाच्या बुंदेलखंडातील गावी जाऊन त्याला भेटले. चित्र घेऊन निघून जाणे हा या व्यवसायाचा नित्याचा दोष; येथे चित्र घेणारा चित्राच्या मागोमाग गेला.

या चित्राशी आपला संबंध दूरचा नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबई-नाशिककडून निघालेले मजूर बिजासनचा घाट चढून, खलघाटला नर्मदा ओलांडून आग्रा रस्त्याने देवासवरून पुढे गेले. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पाणी दिले, पोळ्या दिल्या. त्यांतील एकाचाही चेहरा आज आठवतो का?

अठराव्या शतकात पवारांच्या फौजांबरोबर आपले पूर्वज दक्षिणेतूनच माळव्यात आले. त्यांच्या हाती सनदा होत्या, म्हणून त्यांना कोणी निर्वासित म्हटले नाही. तरीही इतक्या पिढ्यांनंतर धार-देवासच्या मराठी माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतोच. आपण हसून उत्तर देतो, कारण त्या उत्तरावर आपले घर अवलंबून नसते. किनाऱ्यावरच्या त्या स्त्रीचे सर्वस्व त्याच एका उत्तरावर अवलंबून होते. चित्रात न मावलेले कारण शोधण्याची जबाबदारी म्हणूनच पाहणाऱ्यावर येते, आणि हा प्रश्न ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला त्या आपणांवर ती थोडी अधिक येते.