मुक्त प्रवेश प्रकाशन आणि शस्त्रक्रियाविषयक संशोधनाचा प्रसार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
फेब्रुवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने ‘मुक्त प्रवेश’ या संकल्पनेला निश्चित रूप दिले. संशोधनपर लेख आंतरजालावर कोणालाही विनामूल्य वाचता व वापरता यावेत, ही त्यातील मुख्य भूमिका होय. शल्यचिकित्सेच्या क्षेत्रात या भूमिकेचे महत्त्व विशेष आहे. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाच्या 2015 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 5 अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. त्यांच्यासाठी झटणारा शल्यचिकित्सक बहुधा मोठ्या ग्रंथालयापासून दूर असतो. तथापि, वाचकासाठी दार उघडले म्हणजे ज्ञानाचा प्रसार झाला, हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मच्छरदाणीच्या कापडाचे उदाहरण :
धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. त्यांचा व सहकाऱ्यांचा याविषयीचा लेख 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. 2006 मध्ये बुर्किना फासो येथील तुलनात्मक चाचणी प्रकाशित झाली. 2016 मध्ये युगांडातील 302 पुरुष रुग्णांवरील चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात केवळ एका रुग्णाचा हर्निया उलटला, तर महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक लक्षणीय नव्हता. किमतीतील अंतर मात्र सुमारे 1 डॉलर आणि 125 डॉलर इतके होते.

या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्ञान केवळ महानगरांकडून खेड्यांकडे वाहत नाही. ते उलट दिशेनेही वाहते. म्हणून ग्रामीण शल्यचिकित्सक हा वाचक आहे, तसाच तो लेखकही आहे. मुक्त प्रवेशाच्या चर्चेत त्याचे हे दुसरे रूप सहसा दुर्लक्षिले जाते.

लेखकशुल्काचा प्रश्न :
वाचकाकडून घ्यावयाची वर्गणी थांबली, तेव्हा अनेक प्रकाशकांनी खर्चाचा भार लेखकावर टाकला. ‘प्लॉस’ या ना-नफा संस्थेनेही 2003 मध्ये प्रतिलेख 1500 डॉलर शुल्कापासूनच आरंभ केला. एक डॉलरच्या जाळीविषयी लिहिण्यासाठी दीड हजार डॉलर मोजावे लागणे, ही विसंगती बोलकी आहे. शुल्कमाफीची सोय असते. परंतु अनेक प्रकाशकांच्या सरसकट माफीच्या यादीत भारताचा समावेश नसतो. शिवाय लेखामागे उत्पन्न मिळू लागले की लेखांची संख्या वाढविण्याचा मोह होतो. त्यातूनच बनावट नियतकालिकांचे पेव फुटले, हे अध्यापकवर्गास निराळे सांगावयास नको.

‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’ही पुढे स्प्रिंगर या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे गेले. तेथे लेख सर्वांसाठी खुला ठेवावयाचा तर शुल्क भरावे लागते. अन्यथा वाचकापुढे वर्गणीची भिंत उभी राहते. केंद्र शासनाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना स्वागतार्ह असली, तरी ती शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांसाठी आहे. तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालय चालविणारा शल्यचिकित्सक तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

समारोप :
याला पर्याय नाही असे नाही. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित, 1955 पासूनच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने लेखक व वाचक या दोघांकडूनही शुल्क न घेता आंतरजालावर मुक्त प्रवेश देता येतो, हे दाखवून दिले. अशी नियतकालिके संपादकांच्या विनामोबदला श्रमांवर व संस्थेच्या आधारावर उभी असतात. पदोन्नतीच्या मूल्यमापनात या श्रमांना स्थान मिळाले आणि संस्थांनी त्यांच्यासाठी नियमित तरतूद केली, तरच ती टिकतील. संशोधन किती जणांनी वाचले, हा मुक्त प्रवेशाचा एक निकष झाला. ते कोणाला लिहिता आले, हा दुसरा निकष लावल्याखेरीज त्याचे मूल्यमापन अपुरेच ठरेल.