कबुलीजबाब लिहून घेणारा

पोलीसखात्यातून बाहेर पडलेला माणूस रहस्यकथा लिहू लागला की आपले समीक्षक 'अस्सल अनुभव' म्हणून मान डोलावतात. अनुभव अस्सल असेलही. पण तो टेबलाच्या कोणत्या बाजूचा, हे कोणी विचारीत नाही.

या परंपरेचा एक मूळपुरुष आपल्याच मुलखात वावरला. फिलिप मेडोज टेलर ऐन तरुणपणी निजामाच्या चाकरीत पोलिसांचा सहायक अधीक्षक होता. पुढे नळदुर्गाचा कारभार त्याच्याकडे आला. 1860 मध्ये तो विलायतेला परतला आणि कादंबऱ्या लिहीत राहिला. 'तारा' (1863) त्यांतलीच. नाव मात्र त्याआधीच झाले होते, 1839 च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'ने.

त्या कादंबरीत अमीर अली बोलतो आणि साहेब ऐकतो. अमीर अली जिवंत उतरला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. (आपले कित्येक रहस्यकथाकार खलनायकाला इतकेही बोलू देत नाहीत.) पण तो माफीचा साक्षीदार आहे. बोलणे हीच त्याच्या जगण्याची किंमत. अशा माणसाच्या तोंडून वदवलेले सत्य कोणाचे?

हा प्रश्न नुसता वाङ्मयीन नाही. 1836 च्या कायद्याने, ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येई. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्मालाच चिकटवला, तो 1952 पर्यंत. मग रहस्य कसले उरले? गुन्हेगार आधीच ठरलेला. राहिला फक्त कबुलीजबाब.

दिंडोरीत बसून हे लिहिताना मला आमच्याच जिल्ह्यातला भागोजी नाईक आठवतो. तोही एकेकाळी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होता. 1855 मध्ये त्याला शिक्षा झाली. 1857 मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ तो भिल्लांना घेऊन उभा राहिला. पोलीस अधीक्षक हेन्री तेथे मारला गेला. 1859 मध्ये भागोजीला ठार केले. खाते सोडलेल्या या माणसाची हकीकत आपल्याला वाचावी लागते ती सरकारी गॅझेटियरात, त्याला मारणाऱ्यांच्या शब्दांत.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (1987) मी टेलरशेजारी ठेवतो ते यासाठी. गायकवाड लातूरकडच्या धनेगावचे. तेथेही चोरी आहे, पोलिसांचा मार आहे. चोरीची कला लपवलेली नाही. पण सांगणाऱ्यासमोर साहेब बसलेला नाही, आणि चोरीच्या आधी भूक येते. अमीर अली भुकेपोटी ठग होत नाही. विद्यार्थ्यांना ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचायला द्यावीत. आधी 'उचल्या', मग टेलर.