शिवोलीच्या घरात घडलेली ध्वनिफीत

गिटार हाती घेतलेला मुलगा वाया गेला, अशी समजूत आपल्या अनेक कुटुंबांत अद्यापही आहे. म्हणूनच १९८४ साली गोव्यात निघालेल्या ‘गोअन क्रेझी’ या ध्वनिफितीचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. रेमो फर्नांडिस यांचा हा पहिला गीतसंग्रह. १९५३ साली जन्मलेल्या रेमोंनी मुंबईत वास्तुकलेचे शिक्षण घेतले. ओढ मात्र संगीताची. कोणत्याही कंपनीचा आधार न घेता त्यांनी शिवोलीच्या राहत्या घरी हा संग्रह सिद्ध केला, वाद्ये स्वतःच वाजवली आणि तयार कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचवल्या. ती मूळ कॅसेट आज दुर्मिळ आहे.

ध्वनिमुद्रण झाले ते चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर. अशा यंत्रावर एकेका पट्टीवर एकेक वाद्य भरायचे. जागा संपली की झालेले मुद्रण एकत्र करून नवी जागा काढायची. दर खेपेस फितीची खरखर वाढते. तेथे स्टुडिओची झळाळी कोठून यावी? आम्हांस जाणवणारी उणीव मात्र निराळी आहे. वाद्यवृंदात एक वादक दुसऱ्याला आवरतो, तिसरा डिवचतो, आणि त्यातून ठेका जिवंत होतो. सारी वाद्ये एकाच्याच हाती असली की शिस्त लाभते, पण अवचित ठिणगी क्वचितच पडते.

तरीही हा संग्रह मोलाचा आहे. त्या काळी आपल्याकडील बहुतेक रॉक वादक परदेशी गाण्यांच्या नकलेतच धन्यता मानीत. रेमोंनी भाषा इंग्रजी घेतली, ठेका पाश्चात्त्य घेतला. माती मात्र गोव्याचीच ठेवली. धर्मग्रामांच्या शाळांतून तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले गेले. त्या मशागतीशिवाय हे पीक आले नसते. पुढे १९८५ च्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये ते जुन्या गोमंतकीय गीतांकडे वळले आणि १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठवला. रॉक म्हणजे व्यसन, हे समीकरण येथे कोलमडते. २००७ साली ते ‘पद्मश्री’ झाले.

छत्रपती संभाजीनगरातील आपल्या तरुणांना आज मुद्रणासाठी मोबाइलही पुरतो. साधन सोपे झाले. सांगण्याजोगे स्वतःचे काही असणे तेवढेच अवघड राहिले आहे. मराठवाड्याची बोली, येथील कोरडी विहीर, ऊसतोडीला गेलेला शेजारी यांचे गाणे अन्य कोणी लिहून देणार नाही. पालकांनीही ‘आवाज बंद कर’ म्हणण्यापूर्वी ‘काय गातोस?’ एवढे विचारावे.